चौदा सुया आणि पंधरा मिनिटे

एखाद्याला कुत्रे चावले असे कळले की घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो, तो म्हणजे "अरे बाप रे, आता बेंबीभोवती चौदा इंजेक्शने!" या चौदा सुयांची दहशत मराठी घराघरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. वास्तविक त्या सुया केव्हाच इतिहासजमा झाल्या, भीती मात्र मागे उरली. या भीतीपोटी माणसे दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि ज्याला खरोखर भ्यायला हवे तो हातावरचा बारीकसा ओरखडा "काही होत नाही" म्हणून सोडून देतात. म्हणून हा लेख.

रेबीज हा रोग आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याच्या दंशाचे वर्णन आले असून, रोग्याला पाण्याचे भय वाटू लागले की तो वाचत नाही, असा निर्वाळा त्यात दिलेला आहे. 'अलर्क' आणि 'जलसंत्रास' ही त्याची जुनी नावे. आजचे वैद्यकशास्त्रही त्याहून फारसे निराळे सांगत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा इलाज नाही. त्यानंतर बचावलेली माणसे साऱ्या जगात अगदी थोडी आहेत.

मग आशा कुठे आहे? ती आहे मधल्या अवधीत. या रोगाचे विषाणू जनावराच्या लाळेत असतात. चाव्यावाटे ते जखमेत शिरतात. पण रक्तातून न जाता मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतात. ही वाटचाल संथ असते. बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित आठवडाभर तर क्वचित वर्षाहूनही अधिक. चावा तोंडावर, मानेवर किंवा हाताच्या बोटांवर असेल तर धोका जास्त. लहान मुलांना पुष्कळदा तोंडावरच चावा बसतो, म्हणून त्यांच्या बाबतीत क्षणाचाही विलंब नको. विषाणू मेंदूपर्यंत पोचण्याच्या आत शरीरात प्रतिकारशक्ती तयार झाली पाहिजे. सारी लढाई या शर्यतीची आहे.

ही शर्यत जिंकता येते हे लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये दाखवून दिले. जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने ठिकठिकाणी फाडले होते. पाश्चर यांनी त्याला दहा-अकरा दिवसांत तेरा वेळा लस टोचवली आणि मुलगा वाचला. पुढे १९११ साली डेव्हिड सेम्पल यांनी आपल्या देशात, कसौली येथे, मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. ती स्वस्त होती, पण तिचा जोर कमी. म्हणून ती रोज आणि मोठ्या मात्रेत द्यावी लागे, आणि एवढे औषध मावायला पोटाच्या कातडीखालीच जागा. आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेल्या चौदा सुया त्या ह्याच. त्या लसीने एखाद्याला अर्धांगासारखा विकारही जडे. भारतात तिचा वापर २००४ च्या अखेरीस थांबला.

आजची लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूंपासून बनवतात आणि ती दंडात देतात. सरकारी रुग्णालयांत बहुधा ती कातडीच्या आतल्या थरात, दोन्ही दंडांवर थोडी थोडी टोचतात. दिवस चार : पहिला म्हणजे 'शून्य', मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. स्नायूत देण्याची पद्धत असेल तर मध्ये चौदावा दिवसही येतो. पथ्यपाण्याचे बंधन नाही. मात्र लस टोचल्यावर शरीराला स्वतःचे शस्त्र घडवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून जखमेतून रक्त आले असेल तर तयार प्रतिपिंडांचे औषध जखमेतच आणि तिच्या भोवताली टोचतात. हे अभिमानाने सांगावेसे वाटते की, असे एक आधुनिक औषध आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकन संशोधकांच्या साहाय्याने विकसित केले. हडपसरच्या या संस्थेत रेबीजची लसही तयार होते. लस बनवणाऱ्या गावातच माणसे जखमेवर मिरचीपूड चोळतात, हा विरोधाभास लाजिरवाणा नाही काय?

कारण पहिला उपचार दवाखान्यात नव्हे, तर घरच्या नळाखाली होतो. चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पुरती पंधरा मिनिटे धुवावी. साबण अंगाचा असो की कपड्याचा, चालतो. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते, ते साबणाने नष्ट होते. पंधरा मिनिटे फार वाटतात, म्हणून घड्याळ लावूनच धुवावे. चुना, हळद, तंबाखू, मिरचीपूड यांतले काहीही लावू नये. त्यांनी जखम चिघळते. पट्टी आवळून बांधू नये आणि टाके घालण्याची घाई करू नये.

आता थोडे ओरखड्याविषयी. जनावराला नुसता हात लागला किंवा धडधाकट कातडीवर त्याने चाटले तर लस लागत नाही. पण दाताचा ओरखडा उमटला किंवा मांजराने बोचकारले, तर रक्त आले नसले तरी जखम धुऊन लस घ्यावी. रक्त आले किंवा फाटलेल्या कातडीवर जनावराने चाटले, तर लसीबरोबर प्रतिपिंडेही घ्यावीत. "पिल्लूच तर आहे", "घरचेच मांजर आहे" ही वाक्ये आमच्या गल्लीत रोज ऐकू येतात. रोग पिल्लालाही होतो. कुत्रे दहा दिवस धडधाकट राहिले तर पुढची लस थांबवावी की नाही हे डॉक्टर ठरवतील. परंतु पहिली सुई त्या दहा दिवसांची वाट पाहत थांबता कामा नये. खेड्यात पिसाळलेल्या म्हशीचे दूध प्यायल्याच्या बातमीने सारा गाव हवालदिल होतो. तिथे हे सांगावे की उकळलेल्या दुधातून हा रोग होत नाही.

अलीकडच्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे या रोगाने मरतात. त्याच पाहणीत असे आढळले की, जनावर चावलेल्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याने लसच घेतली नव्हती, आणि सुरुवात करणाऱ्यांतही पुष्कळांनी ती पुरी केली नव्हती. याला केवळ अज्ञान म्हणून चालणार नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला किंवा बिगाऱ्याला चार वेळा रुग्णालयात जाणे म्हणजे चार दिवसांचा रोज बुडणे. लस विनामूल्य असली तरी रांग विनामूल्य नसते. त्यात केसपेपरवरच्या तारखा इंग्रजीत. जखम भरून आली की तो कागद पत्र्याच्या डब्यात जातो आणि अठ्ठाविसावा दिवस निघून जातो.

इथे आपले काम सुरू होते. आपल्यापैकी कित्येक जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. वस्तीत कोणाचाही कागद वाचायला आपल्याच हाती येतो. तो वाचताना पुढच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मराठीत लिहून देणे आणि त्या दिवशी आठवण करणे, एवढे तरी आपल्याला सहज जमेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हाच विषय घेता येईल.

आणि कुत्र्यांचे काय? त्यांना मारून हा रोग हटत नाही, लस देऊन हटतो. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले आहे. तेथे वर्षानुवर्षे घरोघर आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचली गेली. त्यांच्यातील रोग झपाट्याने घटला आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, असे शास्त्र सांगते.

चौदा सुयांची गोष्ट आता आजीच्या आठवणीतच राहू द्यावी. नव्या पिढीला सांगायची गोष्ट साधी आहे : पंधरा मिनिटे साबण-पाणी, त्याच दिवशी पहिली सुई, आणि शेवटची तारीख चुकवायची नाही.