झाडाला तहान लावताना

डिसेंबर संपत आला होता. काटोलच्या आतल्या अंगाला एका वावरात संत्र्याची झाडं तहानलेली उभी होती, आणि ती तशीच तहानलेली राहावीत म्हणून त्यांचे मालक, भाऊ, आभाळाकडं बघत होते. पश्चिमेकडून ढग येत होते. पाऊस नको म्हणणारा कोरडवाहू विदर्भातला कास्तकार पाहायचा असेल, तर तो या दिवसांत संत्र्याच्या बागेतच भेटतो.

नागपुरी संत्र्याचं झाड मोकळं सोडलं तर ते वेळी-अवेळी थोडंथोडं फुलत राहतं. एकदम, फांदी भरून फुलायला त्याला आधी झोपवावं लागतं. थंडी त्याला झोपवते, पण आपल्याकडची थंडी एकटी पुरी पडत नाही, म्हणून पाणी तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. हलक्या जमिनीत तीन-साडेतीन आठवडे, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. मग जानेवारीत खत घालून हलकं ओलीत सुरू केलं की आंबिया बहार फुटतो, आणि फळ दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतं.

ताण बसला हे कळतं कसं? पान गुंडाळलेलं दिसलं की बसला, असं मी म्हणालो. भाऊंनी मान हलवली. ‘दुपारी तं सारंच सुकते. सकाळी सातले येऊन पाहा. तेव्हाबी पान तसंच असलं, तं समजाचं.’ मग ते खाली वाकले आणि झाडाखालची गळलेली पानं हातानं सारली. चौथाई पानं गळली की थांबायचं. त्याच्या पुढं गेलं तर झाड फुलायचं सोडून वाळायला लागतं. हे मोजायला यंत्र नाही. दोन एकरांत सव्वादोनशे झाडं, आणि रोज सकाळी एक फेरी.

या सगळ्या मोजमापात ढग बसत नाहीत. ताणाच्या मधोमध एक चांगली सर आली की झाड अर्धवट जागं होतं आणि फुलाऐवजी नवती काढतं, म्हणजे नुसती कोवळी पालवी. मग नव्यानं ताण द्यायला दिवस उरत नाहीत. थंडी सरत आलेली असते. काळी माती तर आधीच ओल सोडायला तयार नसते. झाडाची वाढ रोखणारं औषध फवारून ताण बसवायचा एक उपाय आहे, भाऊंनी तो एकदा केला. खर्च वाढला, फुलं बेताचीच आली. ते त्यावर फार बोलले नाहीत.

त्या दिवशी पाऊस आला नाही.

पुन्हा गेलो ते मेच्या अखेरीस. नागपूरचा पारा 2013 साली 23 मे रोजी 47.9 अंशांवर गेला होता, तो महिना हाच. गोटीएवढी आंबियाची फळं उन्हानं गळत होती. झाडांच्या घेरात सोयाबीनचं कुटार पसरलेलं होतं, खोडापासून मात्र हातभर लांब. पाण्याचं आळंही दुहेरी: खोडाभोवती मातीची एक बांगडी, तिच्या बाहेर दुसरी, आणि पाणी फक्त दोन्हींच्या मध्ये. खोडाला पाणी लागलं की बुरशी येते, साल फुटून डिंक वाहतो. डिंक्या हा संत्र्याचा जुना वैरी.

पूर्वी पावसाळाभर झडी असायची; पाणी मुरायला वेळ मिळायचा. ‘आता पाऊस येते तं एका रात्रीत येते, नाही तं पंधरा दिवस येतच नाही.’ 2023 च्या 23 सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, ते शहरानं पाहिलं. वावरात असं पाणी साचलं की त्याची बातमी होत नाही. काळी माती फुगून बंद होते, मुळांना हवा मिळत नाही, आणि काही दिवसांनी हिरवी फळं टपटप खाली येतात.

म्हणून दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेनं चर खणलेला होता. जिथली झाडं मेली तिथं गुडघ्याएवढ्या उंच गादीवाफ्यावर नवी कलमं लावली होती, डोळा मातीच्या चांगला वर ठेवून. शिफारशी नव्या नाहीत. नागपूरच्या अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत गेलात तर हेच ऐकाल. पण कपाशी फसली तर पुढच्या वर्षी दुसरं काही पेरता येतं. बाग उपटून गादीवर आणायची, तर पाचेक वर्षं फळाविना काढावी लागतात. त्यामुळं भाऊ वर्षाला एक ओळ बदलतात. अर्ध्या बागेत आंबिया आणि अर्ध्या बागेत मृग बहार घेतात, म्हणजे एक फसला तर दुसरा. मृगाचा ताण उन्हाळ्यात, आणि तो तोडायचं काम जूनच्या पावसाचं. तोही हल्ली वेळेवर येईलच असं नाही. संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते इथल्या माती-हवेच्या नावावर. माती जागेवर आहे.

झाडाखाली भाऊ डिंक्यासाठी बोर्डो मलम कालवत होते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. भांडं प्लास्टिकचं, धातूचं चालत नाही. खोडाला जमिनीपासून कमरेपर्यंत लावायचं, पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा. कालवून झाल्यावर त्यांनी लोखंडी सुरीचं पातं मलमात बुडवलं, थोडं थांबून वर काढलं, उन्हात धरलं. पात्यावर तांबूस रंग चढला होता. म्हणजे चुना कमी पडला.

‘मोरचूद मोकळा राह्यला तं सालच जाळते,’ ते म्हणाले. पिशवीतून मूठभर चुना टाकला, काठीनं ढवळलं आणि पातं पुसून पुन्हा बुडवलं.