इंटरनेट कॉलिंग : रेंज नसली तरी फोन लागतो, पण लाइट गेली तर?

सोलापूर : सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना जीआय मानांकन आहे. माल परदेशात जातो, पण ऑर्डर आणि भाव ठरतात फोनवर. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा जाड भिंतींच्या जुन्या घरात मात्र रेंज अनेकदा दगा देते. अशा ठिकाणी इंटरनेटवरून होणारा कॉल उपयोगी पडतो. त्याचे तीन प्रकार आहेत. कोणता कशासाठी वापरायचा, जाणून घेऊया.

कॉल कसा होतो?
तुमचा आवाज डिजिटल माहितीच्या छोट्या पॅकेटमध्ये बदलतो, इंटरनेटवरून प्रवास करतो आणि पलीकडे पुन्हा आवाज बनतो. त्यामुळे ॲप कॉलमध्ये पुणे असो वा लंडन, खर्च फक्त डेटाचा.

कोणता प्रकार कशासाठी?
• ॲप कॉल (व्हॉट्सॲप वगैरे) : परदेशातील नातेवाईक आणि ग्राहकांसाठी स्वस्त. दोघांकडेही तेच ॲप हवे. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशात अशा कॉलवर निर्बंध आहेत, हे दुबईच्या व्यापाऱ्याशी बोलताना लक्षात ठेवा.
• वाय-फाय कॉलिंग : नंबर तुमचाच, डायलरही नेहमीचाच, फक्त टॉवरऐवजी घरचे वाय-फाय वापरले जाते. समोरच्याकडे साधा फोन असला तरी चालतो. एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये, जिओने जानेवारी 2020 मध्ये ही सेवा सुरू केली. मात्र यावरून परदेशात फोन केल्यास आयएसडीचेच दर लागतात.
• क्लाउड फोन : दुकानाचा एकच नंबर, कॉल मात्र तीन-चार कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर. चुकलेल्या कॉलची नोंद राहते. कर्मचारी नोकरी सोडून गेला तरी ग्राहकांकडचा नंबर तोच राहतो.

भारतात कधीपासून?
1 एप्रिल 2002 पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली. तेव्हा संगणकावरून परदेशातील फोनवर कॉल करता येई, देशातील मोबाइल-लँडलाइनवर नाही. 2018 मध्ये दूरसंचार परवान्यांतील बदलांनंतर तोही मार्ग मोकळा झाला.

इथे सावध राहा
• लाइट गेली की राउटर बंद, आणि त्यावरचा कॉलही. राउटरसाठी छोटा यूपीएस ठेवा.
• व्हॉट्सॲपवरून 112 लागत नाही. अडचणीच्या वेळी नेहमीच्या डायलरवरूनच फोन करा.
• पोलिस किंवा बँकेच्या नावाने व्हिडिओ कॉलवर पैसे मागितले तर कॉल तोडा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर कळवा.

आता काय कराल?
फोनच्या सेटिंग्जमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' शोधून सुरू करा. सिमचा रिचार्ज मात्र चालू ठेवा. लाइट गेल्यावर तोच कामाला येतो.