एच-१बीवर नोकरी बदलताना

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर राहणाऱ्याला वाटेल तिथे नोकरी करण्याची मुभा नसते. एका कंपनीने, एका पदासाठी, ठरावीक पगारावर आणि ठरावीक ठिकाणच्या कामासाठी सरकारकडे अर्ज केलेला असतो, आणि त्या अर्जाच्या मंजुरीवर माणसाचे तिथले वास्तव्य उभे असते. अर्जदार कंपनी असते, कर्मचारी नव्हे. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक भारतीयांचे असल्याने पुणे-मुंबईतल्या कित्येक घरांत हा विषय रोजच्या बोलण्यातला झाला आहे. तरीही नोकरी बदलायची वेळ आली की भल्याभल्यांची तारांबळ उडते. ‘कंपनी सोडली की देश सोडावा लागतो’ हा समज तर फारच पसरलेला आहे आणि त्यापायी अनेक जण नको असलेल्या नोकरीत वर्षानुवर्षे अडकून पडतात. कायद्याने दिलेली मोकळीक त्या समजापेक्षा बरीच मोठी आहे. मात्र ती वापरताना तारखांचा क्रम चुकून चालत नाही.

एच-१बी हा वर्ग १९९० च्या इमिग्रेशन कायद्यातून आला. पहिली दहा वर्षे नोकरी बदलणे खरोखरच जिकिरीचे होते. नव्या कंपनीचा अर्ज मंजूर होईपर्यंत तिथे पाऊल ठेवता येत नसे आणि मंजुरीला महिनोन्‌महिने लागत. ऑक्टोबर २००० मध्ये झालेल्या कायद्याने हे चित्र बदलले. एसी-२१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यानुसार नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाला की कर्मचारी तिथे रुजू होऊ शकतो, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. त्यासाठी तीन अटी आहेत: माणूस देशात कायदेशीरपणे आलेला असावा, त्याच्या वास्तव्याची मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोहोचलेला असावा आणि दरम्यान त्याने विनापरवाना काम केलेले नसावे.

यालाच सगळे ‘एच-१ ट्रान्सफर’ म्हणतात. प्रत्यक्षात जुन्या कंपनीकडून काहीही हस्तांतरित होत नाही. नवी कंपनी स्वतःचा वेगळा अर्ज करते आणि त्यासाठी जुन्या कंपनीची परवानगी, सही किंवा ना-हरकत लागत नाही. आधी कामगार खात्याकडून एलसीए मंजूर करून घ्यावे लागते. त्या भागात त्या कामाला चालू असलेल्या दरापेक्षा कमी पगार देणार नाही, अशी कंपनीची ती लेखी हमी असते आणि तिला साधारण सात कामाचे दिवस लागतात. मग आय-१२९ हा मुख्य अर्ज इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे जातो. सोबत पदवीची कागदपत्रे आणि अलीकडचे पे-स्टब जोडतात. पे-स्टब मागतात ते आधीची नोकरी खरोखर चालू होती हे दाखवण्यासाठी. ज्याला जुन्या कंपनीने काम नाही म्हणून बिनपगारी बसवून ठेवले असेल, त्याची इथे पंचाईत होते. तसे बसवून ठेवणे हा कंपनीचा कायदेभंग असला, तरी कागद कमी पडतात ते कर्मचाऱ्याचे. नव्या एच-१बींना वार्षिक कोटा असतो आणि त्यासाठी लॉटरी निघते; त्या कोट्यात आधीच मोजल्या गेलेल्या माणसाला पुन्हा लॉटरीत जावे लागत नाही. विद्यापीठे व ना-नफा संशोधन संस्था कोट्याबाहेर असतात; तिथून खासगी कंपनीत जाणाऱ्याला मात्र लॉटरी चुकत नाही.

अर्ज पोहोचला की पावती येते. वकील सहसा ही पावती हाती पडल्यावरच राजीनामा द्यायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. अधिक सावध लोक जादा शुल्क भरून प्रीमियम प्रोसेसिंग घेतात. त्यात १५ कामाच्या दिवसांत खात्याकडून निर्णय येतो किंवा आणखी पुरावे मागितले जातात. मंजुरीनंतरच जुनी नोकरी सोडली तर धोका जवळपास उरत नाही. केवळ पावतीवर रुजू झाल्यानंतर अर्ज नामंजूर झाला, तर नवे काम त्याच दिवशी थांबवावे लागते.

खरी मेख आय-९४ या नोंदीत आहे. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का फक्त प्रवेशासाठी असतो. राहायचे किती दिवस, हे आय-९४ वरची तारीख ठरवते. देशात असतानाच मुदतवाढ मिळाली असेल तर नवे आय-९४ आय-७९७ या मंजुरीपत्राच्या तळाशी छापलेले येते. ते फाडून पासपोर्टमध्ये ठेवायचे असते, पण अनेकांना ते तिथे आहे हेही ठाऊक नसते. शिवाय पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी कित्येकदा तेवढीच तारीख देतो. मंजुरीपत्रावर दोन वर्षे दिसतात आणि आय-९४ मात्र आठ महिन्यांत संपते. घरी परतल्याच्या दिवशीच ती नोंद संकेतस्थळावरून उतरवून घेणे, ही या व्हिसावरच्या प्रत्येकाने लावून घ्यावी अशी सवय आहे.

नोकरी आपणहून सोडली किंवा गेली, तर ६० दिवसांची सवलत मिळते. १७ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमाने ती आली. त्याआधी अशी निश्चित मुदत नव्हती. मात्र हे ६० दिवस सरसकट नाहीत. ६० दिवस किंवा आय-९४ ची तारीख, यांपैकी जे आधी येईल तिथे सवलत संपते. समजा, एखाद्याचा नोकरीतला शेवटचा दिवस १० मे आहे आणि आय-९४ २० जूनला संपते. त्याच्या हातात ६० नव्हे, ४१ दिवस उरतात. या काळात काम करता येत नाही. पण मुदतीच्या आत नव्या कंपनीचा अर्ज पोहोचला की रुजू होता येते. मुलाखती, ऑफर, एलसीएचे सात दिवस आणि वकिलाची तयारी या सगळ्यांना दोन महिने फार अपुरे आहेत. घराचे भाडे, मुलांची शाळा आणि गाडीचा हप्ता असलेल्या कुटुंबाला एवढ्या अवधीत देश सोडायला सांगणे कठोर आहे, याबद्दल दुमत होऊ नये. कंपनीने मुदतीआधी काढून टाकले तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च तिने द्यायचा असतो. राजीनामा देणाऱ्याला तो हक्क नाही.

लहान कन्सल्टन्सी कंपन्यांत दबावाचे प्रकार घडतात. ‘सोडलेस तर व्हिसाचा खर्च भरून दे’ हे त्यांतले नेहमीचे वाक्य. कायद्यानुसार एच-१बी अर्जाचा खर्च व त्यासाठीची वकिलाची फी हा कंपनीचा खर्च असतो आणि ठरल्या तारखेआधी सोडले म्हणून दंडही लावता येत नाही. प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची वाजवी भरपाई करारात असू शकते. तिची वैधता त्या-त्या राज्याच्या कायद्याने ठरते. धमकी आली म्हणून घाबरून धनादेश लिहिण्याआधी करार वकिलाला दाखवावा.

सगळ्यात अवघड हिशेब ग्रीन कार्डचा. एच-१बीची कमाल मुदत सहा वर्षांची. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत मात्र एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. रांगेतली जागा ‘प्रायॉरिटी डेट’ने ठरते. आधी पर्म (कामगार खात्याचे प्रमाणपत्र), मग आय-१४० (कंपनीचा ग्रीन कार्डसाठीचा अर्ज), मग तारीख आल्यावर आय-४८५ (कर्मचाऱ्याचा स्वतःचा ग्रीन कार्डचा अर्ज) अशा पायऱ्या आहेत. आय-१४० मंजूर होण्याआधी कंपनी सोडली तर सारे पहिल्यापासून करावे लागते. मंजुरीनंतर सोडली तर प्रायॉरिटी डेट सहसा कायम राहते. नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० नव्याने करावे लागतात, पण रांगेतली जागा जुनीच मिळते. मंजुरीला १८० दिवस झाले असतील तर जुन्या कंपनीने आय-१४० मागे घेतला तरी त्याच्या आधारे सहा वर्षांपुढची तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळत राहते. त्याआधी मागे घेतला तर हा आधार जातो. म्हणूनच बदल करू पाहणारे हे १८० दिवस मोजत बसतात. आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झालेल्याला तर तशाच किंवा मिळत्याजुळत्या कामात पर्म न करताही जाता येते.

जोडीदार आणि मुले एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असतात आणि त्यांचे वास्तव्य मूळ व्हिसाधारकावर अवलंबून असते. त्यांची आय-९४ चालू असेल तर नोकरी बदलली म्हणून लगेच नवा अर्ज लागत नाही. मुदत संपत आली असेल तर त्यांच्या मुदतवाढीचा आय-५३९ हा अर्ज सोबतच भरतात. जोडीदाराला काम करण्याचा परवाना मुख्यतः आय-१४० च्या मंजुरीवर मिळतो. त्यामुळे वर सांगितलेले १८० दिवस घरातल्या दुसऱ्या नोकरीलाही लागू पडतात.

प्रवासाचे गणित २०२५ पासून अधिक नाजूक झाले आहे. पासपोर्टवरचा शिक्का जुन्या कंपनीच्या नावाचा असला तरी त्याची मुदत शिल्लक असेल, तर नव्या कंपनीचे मंजुरीपत्र सोबत घेऊन परत येता येते. मात्र १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम बसवली आणि ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशन खात्याने तिची व्याप्ती स्पष्ट केली. देशात राहूनच कंपनी बदलणाऱ्याला, मुदतवाढीची विनंती मान्य झाल्यास, ती रक्कम लागत नाही. देशाबाहेर असलेल्या आणि चालू व्हिसा नसलेल्या माणसासाठी अर्ज झाला तर लागते. देशात असूनही स्टेटस तुटल्यामुळे मुदतवाढ नाकारली गेली, तरीही लागते.