डोहाळजेवण ठरवताय? आधी तिला विचारा

'डोहाळे' हा शब्द आला संस्कृत 'दोहद'वरून. सुश्रुतसंहितेत गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हटलंय, म्हणजे दोन हृदयांची. एक तिचं, एक बाळाचं! मला हा शब्द फार आवडतो.

आपल्याकडे तिसऱ्या महिन्याच्या सुमारास चोरचोळी आणि बहुतेक घरांत सातव्या महिन्यात डोहाळजेवण. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी म्हणजे फुलांचे दागिने, ओटी, मग झोपाळा, होडी किंवा चंद्रकोरीची सजावट. सजावटीवर आपण जीव ओततो, पण खरी तयारी वेगळीच असते.

माझ्या बहिणीच्या वेळी वाडीत निशिगंध होता. दहा मिनिटांत तिला मळमळायला लागलं. गजरा, हार सगळं उतरवलं, फक्त शेवंतीचे बाजूबंद ठेवले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, फुलं मागवण्याआधी तिला वास घ्यायला द्या. झोपाळ्यापेक्षा पाठ टेकता येईल अशी खुर्ची बरी, पायाखाली पाट. ओटीला येणाऱ्यांनी तिला वाकायला लावू नये. कार्यक्रम दीड-दोन तासांत आटपा.

जेवणात तिचे डोहाळे आधी, आपला मेनू नंतर. साखरभात नको, चिंचेची आमटी हवी असेल तर तीच करा. डॉक्टरांचं पथ्य असेल तर तेही पाळा.

आणि वाटीखालचा पेढा-बर्फीचा खेळ, पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी? खेळा, पण 'पेढाच निघू दे' असं कुणीही म्हणू नका. ती ऐकत असते.