विक्काची ओळख : एकाकी साधकाची पहिली पुस्तके

जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध करून ज्या निसर्गपूजक ‘विक्का’ धर्माची ओळख इंग्लंडला करून दिली, त्यात प्रवेश मिळे तो कोव्हेनमध्ये, म्हणजे पुरोहित आणि पुरोहिता चालवीत असलेल्या लहानशा साधकमंडळात, दीक्षा घेऊनच. हे बंधन सैल केले ते पुस्तकांनी. रेमंड बकलंड यांनी ‘द ट्री’ या १९७४ च्या ग्रंथात आणि गार्डनर यांच्या सहकारी डोरीन व्हॅलिएंटे यांनी १९७८ च्या ‘विचक्राफ्ट फॉर टुमारो’मध्ये साधकाने स्वतःच स्वतःला दीक्षा देण्याची वाट मोकळी केली.

या वाटेवरचे सर्वांत प्रभावी पुस्तक म्हणजे अमेरिकेतील स्कॉट कनिंगहॅम यांचे, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘विक्का : अ गाइड फॉर द सॉलिटरी प्रॅक्टिशनर’. पूजेसाठी पवित्र वर्तुळ कसे आखावे, सॅबॅट म्हणजे वर्षचक्रातील आठ सण एकट्याने कसे साजरे करावेत, एखादे उपकरण नसल्यास काय वापरावे, हे कनिंगहॅम साध्या भाषेत आणि कारणांसह सांगतात; शिवाय विधींची संपूर्ण वही, जिला ‘बुक ऑफ शॅडोज’ म्हणतात आणि जी कोव्हेनमध्ये हाताने उतरवून गुप्त ठेवली जाई, तशी एक त्यांनी पुस्तकाच्या अखेरच्या भागात उघडपणे छापली. परंपरेने दीक्षित झालेले अनेक जण अशा एकाकी साधनेला विक्का मानत नाहीत. परंतु ज्याच्या गावात कोव्हेनच नाही, त्याला श्रद्धेपासून वंचित ठेवणारा हा आक्षेप अतिकठोर आहे.

या पुस्तकांचा खरा दोष इतिहासाच्या मांडणीत आहे. मार्गारेट मरे यांनी १९२१ मध्ये मांडलेला, चेटूक म्हणजे युरोपात गुप्तपणे टिकून राहिलेला प्राचीन धर्म हा सिद्धान्त इतिहासकारांनी नाकारला आहे, तरीही आरंभीच्या अनेक पुस्तकांत त्याची छाया आढळते आणि कनिंगहॅमही विक्काचे नाते थेट आदिम शमनांशी, म्हणजे टोळ्यांतील मांत्रिक-वैद्यांशी, जोडतात. चेटकिणी ठरवून नव्वद लाख लोकांना मारल्याची दंतकथाही अशीच पसरली. इतिहासकारांच्या अंदाजानुसार प्रत्यक्ष आकडा सुमारे ४० ते ६० हजारांच्या दरम्यान आहे. कोव्हेनमधील शिष्याची चूक दाखविणारे कोणी तरी असते, एकाकी साधकापुढे मात्र केवळ पुस्तक असते आणि त्यातील चूक त्याच्या श्रद्धेचा भाग होऊन बसते. म्हणूनच अशा लेखकाची जबाबदारी इतर लेखकांहून अधिक ठरते.

बकलंड यांचे १९८६ चे पंधरा पाठांचे, प्रत्येक पाठाअखेरीस प्रश्न देणारे जाडजूड पुस्तक शिस्त लावते, पण नवख्याला ते जड जाते. त्यामुळे आरंभ कनिंगहॅम यांच्यापासूनच करावा आणि त्याच वेळी विक्का हा विसाव्या शतकात आकारास आलेला धर्म असल्याचे साधार दाखविणारा रोनाल्ड हटन यांचा ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ हा १९९९ चा ग्रंथही हाताशी ठेवावा. केवळ मंत्रप्रयोगांचे संग्रह पहिल्या वर्षी विकत घेऊ नयेत.