‘राजी’: पुण्याचा खेळ, जगाची बाजारपेठ

श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयान मॉड या तिघांनी २०१७ साली पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही खेळनिर्मिती संस्था स्थापन केली. किकस्टार्टरवरून लोकवर्गणीने भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तथापि अंगीकारलेले कार्य अर्ध्यावर न टाकता त्यांनी ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम तडीस नेला. गोलू या धाकट्या भावाच्या शोधार्थ महाबलासुराच्या सैन्याशी झुंजणारी राजी, तिची कथा निवेदन करणारे दुर्गा व विष्णू, पहाडी लघुचित्रांची आठवण देणारी रंगयोजना आणि कथाभागांतील छायाबाहुल्या, या साऱ्यांतून जी एकजिनसी कलादृष्टी प्रत्ययास येते तिच्यातच या खेळाचे सामर्थ्य आहे. लढतीचे तंत्र मात्र त्या तोडीचे उतरलेले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो निन्टेंडो स्विचवर व ऑक्टोबरात अन्यत्र दाखल झाला, आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्यास नामांकन मिळाले.

असा खेळ एकट्यानेही तडीस नेता येतो: अमेरिकेत एरिक बॅरोनने नाट्यगृहातील अर्धवेळ नोकरी सांभाळून ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) हा खेळ एकट्याने घडवला. वणीनजीकच्या राजूरसारख्या कोळसाखाणींच्या गावी फावल्या वेळात असा उद्योग आरंभणाऱ्याने खर्चाचा अंदाज बांधताना ध्यानी घ्यावे, की ‘गोडो’ हे निर्मितीसाधन विनामूल्य आहे, आणि ‘स्टीम’ या ऑनलाइन खेळविक्री मंचावर खेळ दाखल करण्याची १०० डॉलर फी, विक्री १,००० डॉलरवर जाताच, परत मिळते.