टेपची धार

बोरिवलीतल्या एका खोलीत टेबलावर लोकलचा डबा उभा आहे. १:८७ मापाचा, स्टायरिनच्या शीटमधून घरीच कापून जोडलेला. खरा डबा ३.६६ मीटर रुंद. हा जेमतेम ४२ मिलिमीटर. पश्चिम रेल्वेवर २००७ पासून दिसू लागलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्यांपैकी हा एक. पांढरा रंग दोन दिवसांपूर्वीच मारून झालाय, आज जांभळे पट्टे. एअरब्रशचं काम दहा मिनिटांचं, पण त्याआधीच्या मास्किंगला अख्खी संध्याकाळ जाणार.

आधी फिका, मग गडद, हा क्रम सहसा मोडत नाहीत. पांढऱ्यावर जांभळा दोन हातांत बसतो. उलट केलं तर पांढऱ्याचे हात वाढत जातात आणि टेपच्या कडेला रंगाचा उंचवटा साचतो. तो एक दशांश मिलिमीटर असला, तरी खऱ्या गाडीच्या हिशेबानं जवळपास नऊ मिलिमीटर होतो!

टेप वाशी कागदाची, पिवळी, टामियाची. रोलच्या कडेला धूळ बसते, म्हणून ती तशीच लावत नाहीत. तुकडा काचेवर चिकटवायचा, स्टीलची पट्टी धरायची आणि नव्या ब्लेडनं ताजी धार काढायची. मग तो तळहाताच्या मागच्या बाजूला दोनदा लावून सोडवायचा, म्हणजे गोंदाचा जोर उतरतो आणि खालचा रंग उचलला जात नाही. गोलाईवर रुंद टेप सुरकुतते. तिथे दीड मिलिमीटरची चिंधी छान वळते. खिडक्यांच्या कडांवर टूथपिकनं ती दाबत जायचं, कारण रंग तिथूनच आत शिरतो.

आता या कामातली खरी खुबी. टेप लावल्यावर जांभळ्याआधी तिच्या कडेवर पुन्हा पांढराच रंग हलका फवारायचा. फट राहिली असेल तर आत पांढराच जातो, फट बुजते आणि खालच्या रंगात मिसळून दिसेनासा होतो. मग जांभळा, पातळ हातांनी, टेपवरून पट्ट्याच्या दिशेनं.

बाहेर जुलैचा पाऊस आहे, म्हणून आज लॅकर नाही, ॲक्रिलिक. लॅकरचा थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंग पांढुरका होतो. जांभळ्यावर ते लगेच दिसतं. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचतं ते वेगळंच. वॉटर ट्रॅप मधूनमधून रिकामा करावा लागतो.

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी मोकळ्या हातानं होते, आणि ती पाहताना श्वास रोखला जातो. इथे श्वास रोखला जातो टेप काढताना. रंग पुरता कडक व्हायच्या आत, टेप स्वतःवरच दुमडून, अगदी सावकाश ओढायची. पहिली खिडकी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. दरवाजाच्या खाचेत मात्र केसाएवढं जांभळं ओघळलंय. टूथपिकचं टोक थिनरमध्ये बुडतं, आणि दिवा थोडा जवळ ओढला जातो.